गाव आणि नगर : भंडारा जिल्ह्यातील स्थलांतराचा इतिहास व लोकमत

महोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहण्याची रीत आहे. परंतु मागे वळून पाहताना केवळ इमारतींची आणि पदाधिकाऱ्यांची नामावली देऊन थांबणे पुरेसे नाही. ज्या लोकांच्या श्रमावर व वर्गणीवर त्या इमारती उभ्या राहिल्या, ते लोक कोठून आले, कोठे गेले आणि का गेले, ह्याचाही विचार होणे अगत्याचे आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात असे घर क्वचितच सापडेल की ज्यातील कोणी ना कोणी नागपुरास, पुण्यास, हैदराबादेस अथवा त्याहूनही दूर पोटासाठी गेलेले नाही. ‘शहरात जावे की गावीच राहावे ?’ हा प्रश्न पारावर निघतो, लग्नाच्या बोलणीत निघतो, बारावीच्या निकालानंतर तर घरोघरी निघतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगून, दोन्ही बाजूंनी लोक जे बोलतात ते शक्य तितक्या निःपक्षपातीपणाने मांडण्याचा हेतू आहे.

धानाचा प्रदेश

आपला जिल्हा वैनगंगेचा आणि तलावांचा. येथील शेती म्हणजे मुख्यतः धानाची शेती, आणि धानाची शेती म्हणजे अनेक हातांची शेती. ज्वारी-कापसाच्या प्रदेशात एखादे कुटुंब आपल्या बळावर कसेबसे निभावून नेईल. परंतु रोवणीच्या पंधरवड्यात एकट्याने बांधी रोवून होत नाही. चिखलात वाकून ओळीने रोवणाऱ्या स्त्रिया, पऱ्हे वाहणारी माणसे, चिखलणी करणारे बैल व त्यांमागील गडी, हे सारे एकाच वेळी लागते. कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही.

तलावांचेही तसेच. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतारावरच्या पाण्याचा नेमका अंदाज घेऊन बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून ‘मालगुजारी तलाव’ हे नाव पडले. पाळीची डागडुजी करणे, गाळ काढून शेतात टाकणे, पाण्याची वाटणी ठरविणे ही कामे गावाने मिळून करावयाची असत. मालगुजारी नष्ट करणारा मध्यप्रदेशाचा कायदा १९५० मध्ये झाला, १९५१ पासून त्याची अंमलबजावणी झाली आणि तलाव सरकारजमा झाले. एका अन्यायी व्यवस्थेचा शेवट झाला हे उत्तम झाले. परंतु तलावाची पाळ आपली आहे ही भावना त्याबरोबर शिथिल झाली, हेही वृद्ध शेतकरी आवर्जून सांगतात. ज्या प्रदेशात शेत व पाणी दोन्ही सामुदायिक श्रमावर उभी आहेत, तेथून एक मनुष्य निघून जातो तेव्हा केवळ एका घराची जागा रिकामी होत नाही, तर साऱ्या ओळीत खंड पडतो. शहराविषयी येथील लोकांची मते समजून घ्यावयाची तर ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे.

आगगाडी, दुष्काळ आणि गिरणी

शहराकडे जाण्याचा ओघ आजचा नव्हे. नागपुरास मुंबईकडून आगगाडी १८६७ मध्ये आली. पुढे १८८० च्या सुमारास नागपुराहून पूर्वेस छत्तीसगडाकडे अरुंद रुळांचा मार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो हाती घेऊन रुंद केला. रूळ भंडारा शहरास न शिवता वरठीवरून गेले. म्हणूनच स्टेशनास आजही ‘भंडारा रोड’ म्हणतात.

त्याच काळात नागपुरात गिरणीचा भोंगा वाजू लागला होता. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी सुरू झाली. आपल्याकडे पवनी, मोहाडी, आंधळगाव येथे कोष्टी विणकरांचे माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाचा बाजार हळूहळू आवळला, आणि ज्या शहरातून ते कापड येत होते त्याच शहराची वाट अनेक विणकरांना धरावी लागली.

त्या काळच्या मजुरांचे शहराविषयीचे मत कोणी लिहून ठेवलेले नाही, तथापि ते त्यांच्या वागणुकीवरून कळते. एम्प्रेस मिलच्या चालकांची आरंभीची मोठी तक्रार अशी होती की, मजूर कामावर नियमित येत नाहीत. चार पैसे गाठीस लागले की घरी बसतात अथवा गावी जातात. टाटांनी ह्यावर दंड करण्याऐवजी पेन्शन फंड, प्रॉव्हिडंट फंड, अपघाताची भरपाई ह्यांसारख्या सोयी, कायद्याने त्या सक्तीच्या होण्याच्या कितीतरी आधी, सुरू केल्या. चालक ज्यास गैरहजेरी म्हणत होते तो वस्तुतः मजुराने दिलेला कौलच होता. शहराची मजुरी त्यास हवी होती. शहराचे संपूर्ण आयुष्य नको होते.

मात्र सर्वांनाच असा कौल देण्याची मुभा नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी मध्यप्रांताचा कणा मोडला. १९०१ च्या खानेसुमारीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ती दशांशाहून अधिक घटली होती. ह्या घटीत मृत्यू किती व देशांतर किती हे वेगळे काढणे कठीण. परंतु ज्यांनी त्या काळी गाव सोडले त्यांनी लाभहानीचा विचार करून सोडले नाही, भुकेने सोडले. स्वेच्छेने जाणे आणि हाकलले जाणे ह्यांतील हा भेद पुढच्या सर्व विवेचनात महत्त्वाचा आहे.

पुढे शहर काही अंशी आपल्याच दारी आले. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी निघाल्या. तेंदूच्या पानांवर विडीचा धंदा वाढला व हजारो स्त्रियांना घरच्या ओसरीवर बसून हजारी दराने मजुरी मिळू लागली. १९६४ मध्ये जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना उभा राहिला. १९८० च्या दशकात गडेगाव येथे मोटारींचा व वरठी येथे पोलादाचा कारखाना आला. ह्या उद्योगांनी कित्येकांचे जाणे थांबविले. परंतु ओघ थांबविला नाही. २००१ ते २०११ ह्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या शेकडा १६ नी वाढली, नागपूर जिल्ह्याची शेकडा १४ हून अधिक वाढली, तर भंडारा जिल्ह्याची केवळ ५.६५ नी वाढून १२,००,३३४ झाली. शेजारच्या घरी पाहुण्यांची दाटी व आपल्या घरी ओसरी रिकामी, असा ह्या आकड्यांचा अर्थ आहे.

दोन थोर मते

गाव की नगर ह्या वादात आपल्याच विदर्भाच्या भूमीवर दोन थोर पुरुषांची मते समोरासमोर उभी राहिलेली आहेत. नागपूरपलीकडे वर्ध्याजवळ १९३६ मध्ये गांधीजी एका लहानशा खेड्यात राहावयास आले; तेच पुढे सेवाग्राम म्हणून विख्यात झाले. देशाचे खरे जीवन खेड्यात आहे, शहरे खेड्यांचे शोषण करून फुगतात, आणि चरखा, ग्रामोद्योग व नवी तालीम ह्यांच्या योगे खेडे स्वावलंबी झाले पाहिजे, असा त्यांचा विचार होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे मत ह्याच्या अगदी उलट होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवगानावर कठोर टीका केली. संकुचित वृत्ती, अज्ञान व जातीयता ह्यांचे ते आगर आहे असा त्यांचा आशय होता, आणि घटनेचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे ह्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीस आपल्या भंडारा मतदारसंघातून उभे राहिले व पराभूत झाले. त्या निमित्ताने त्यांचे विचार येथील वस्त्यावस्त्यांत पोहोचले आणि १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर ते अधिकच दृढ झाले. गावाच्या विहिरीवर ज्यास पाणी भरू दिले जात नव्हते, त्यास गावाचा लळा लावून घेण्याचा उपदेश करणे हे उपदेशकाच्या सोयीचे असते, ऐकणाऱ्याच्या नव्हे.

ह्या दोन मतांपैकी एक खरे व दुसरे खोटे असे म्हणून सुटका होत नाही. एकाने गावाकडे पाहिले ते तेथील श्रमाच्या व संयमाच्या बाजूने. दुसऱ्याने पाहिले ते तेथील वेशीबाहेरून. आपल्या जिल्ह्यातील लोकांच्या बोलण्यातही ह्या दोन्ही दृष्टी आजतागायत आढळतात, आणि पुष्कळदा तर एकाच मनुष्याच्या तोंडी आढळतात.

लोक काय म्हणतात ?

जावे म्हणणाऱ्यांचे पहिले कारण अर्थातच मजुरी. धानाचे पीक हाती येईपर्यंत काम, आणि मग पुढचा पावसाळा येईतो हात बांधलेले. ज्यांच्या शेतास तलावाचे अथवा कालव्याचे पाणी नाही त्यांची तर हीच स्थिती. बुटीबोरीच्या अथवा हिंगण्याच्या कारखान्यात पगार थोडा असला तरी दरमहा असतो. दुसरे कारण मुलांचे शिक्षण, आणि तिसरे औषधपाणी. मोठ्या दुखण्यास अखेर नागपुरासच न्यावे लागते, मग आधीच तेथे का राहू नये, असे पुष्कळ जण विचारतात. चौथे कारण मोठ्याने बोलले जात नाही, पण ते वरील तिन्हींहून दुबळे नाही. शहरात मनुष्य कोणाचा मुलगा, कोणत्या मोहल्ल्यातला, हे लगेच विचारले जात नाही. तेथे भेदभाव नाही असे नव्हे. भाड्याची खोली शोधताना आडनाव तेथेही विचारतात. तथापि कारखान्याच्या दाराशी, बसमध्ये, खानावळीत त्यास कोणी अंतरावर बसावयास सांगत नाही. तरुण स्त्रियाही हेच निराळ्या शब्दांत सांगतात : गावात चार घरांपलीकडे गेले तरी ‘कोठे निघालीस ?’ म्हणून विचारणारे दहा जण भेटतात. शहरात आपल्या कामास आपण जातो.

राहावे म्हणणाऱ्यांची बाजूही तितकीच भक्कम आहे. गावी घरास भाडे नाही, भातास दुकान नाही, सरपणास पैसा नाही. शहरातील पगार आकड्याने मोठा दिसतो. परंतु खोलीभाडे, प्रवासखर्च व पोरांची फी वजा जाता उरते ते गावच्या मजुरीहून फारसे अधिक नसते. आजारी पडल्यास शेजारी कोण हे ठाऊक नसते. येथे मरण आले तर खांदा द्यावयास गाव लोटते. तेथे सुट्टी मागावी लागते. आणि दिवाळीनंतरच्या मंडईस, दंडारीस, पोळ्यास जी माणसे गर्दी करतात त्यांत अर्धी शहरातून आलेली असतात. ह्यावरून मनुष्य शरीराने जातो तितका मनाने जात नाही हे सिद्ध होते, असे त्यांचे म्हणणे.

ह्या दोन पक्षांखेरीज एक तिसरा पक्ष आहे. तो बोलत नाही, पण त्याचे ऐकले पाहिजे. तो म्हणजे मागे राहिलेल्यांचा. मुलगा शहरात गेला म्हणजे शेत मक्त्याने जाते अथवा सुनेच्या व म्हाताऱ्या सासूसासऱ्यांच्या माथी पडते. रोवणीच्या दिवसांत हात मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, तलावाच्या पाळीवर श्रमदानास बोलाविले तर साठीच्या आतला मनुष्य दिसत नाही. गेलेला मनुष्य आपला हिशेब रुपयांत करतो, राहिलेला हातांत करतो. दोघांच्या वह्या वेगळ्या असल्यामुळे दोघांचे उत्तर वेगळे येते, आणि दोघेही एकमेकांस अविचारी म्हणतात.

आणखी एक विसंगती येथे नमूद करणे अवश्य वाटते. जो गृहस्थ पारावर बसून शेतीची थोरवी गातो, तोच आपल्या मुलीसाठी स्थळ पाहताना ‘मुलगा नोकरीस आहे काय ? शहरात घर आहे काय ?’ असे प्रथम विचारतो. आणि आपल्या मुलासाठी मात्र शेतात राबणारी, गावी राहणारी सून शोधतो. परिणामी कष्टाळू, निर्व्यसनी, चार एकर धानाचा धनी असलेला तरुण केवळ गावी राहिला म्हणून अविवाहित राहतो. मग तोही एक दिवस गाठोडे बांधतो. त्यास भुकेने हाकलले नाही, दुष्काळाने हाकलले नाही. आपल्या सर्वांच्या मताने हाकलले. लोकमत हे नुसते बोलणे नसून तेही एक बळ आहे, ते ह्या अर्थाने.

शहरही स्थिर नसते

गावे ओस पडतात आणि शहरे चिरंतन राहतात असा एक समज आहे. आपल्याच जिल्ह्यातील पवनी हे त्यास उत्तर आहे. १९६९-७० च्या उत्खननात तेथे प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उघडकीस आले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पवनी हे तटबंदीचे, भरभराटीचे नगर होते. आसपासच्या खेड्यांतील तरुण तेव्हा कदाचित पवनीसच नशीब काढावयास जात असतील. आज तेथील तरुण नागपूरची गाडी धरतात.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ज्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर नागपूरच्या कित्येक मोहल्ल्यांचे घड्याळ चालत होते, ती १९८० च्या दशकात टाटांच्या हातून सरकारी महामंडळाकडे गेली, आणि सव्वाशे वर्षांच्या आयुष्यानंतर कायमची बंद झाली. तिच्या जागी आता बाजारसंकुल व निवासी इमारती उभ्या आहेत. ज्यांनी गावचे शेत विकून तिच्या भरवशावर आयुष्य बांधले होते त्यांस परतावयास जागा उरली नव्हती. ज्यांनी दोन एकर राखून ठेवले होते ते निदान धान तरी पिकवू शकले.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा हाच धडा सर्वांनी एकदम पाहिला. नागपुराहून भंडाऱ्यावरून रायपुराकडे जाणाऱ्या महामार्गावर डोक्यावर बोचकी व कडेवर मुले घेऊन माणसे पूर्वेकडे चालत होती. तेलंगणात मिरची तोडावयास गेलेले पूर्व विदर्भातील मजूर पायी परतले. शहराने त्यांस कामावर ठेवले होते. घरी ठेवले नव्हते. आणि वर्ष उलटण्यापूर्वी त्यांतील बहुतेक पुन्हा शहरास गेले, हेही विसरता कामा नये. कारण गावाने त्यांस घर दिले, काम दिले नाही.

ह्याच संदर्भात गोसीखुर्दच्या बुडीत गावांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वैनगंगेवरील ह्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली व २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाने अनेकांच्या शेतास पाणी मिळते, ही गोष्ट खरी. परंतु ज्यांचे गावच पाण्याखाली गेले, त्यांच्या बाबतीत ‘शहराचे फायदेतोटे’ हा प्रश्नच निराळा झाला. त्यांना नव्या गावठाणात राहा अथवा मोबदला घेऊन शहर गाठा, एवढीच निवड होती. दिवाळीस परत येण्याचे ठिकाण त्यांस उरले नाही. शहरात दुःख सोसणारा दुसरा मनुष्य निदान ‘माझे गाव’ असे म्हणू शकतो. ह्यांना तेही म्हणताना थांबावे लागते.

नोंदवहीतील साक्ष

धर्मगुरूच्या कपाटात एक साक्षीदार असतो. बाप्तिस्म्याची नोंदवही. आपल्या धर्मसभेच्या नियमाप्रमाणे मनुष्य जगाच्या पाठीवर कोठेही विवाहबद्ध झाला तरी त्यास आपल्या बाप्तिस्म्याचा दाखला जेथे बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामातून आणावा लागतो, आणि विवाह झाल्यावर तेथील धर्मगुरू त्याची सूचना ह्या मूळ धर्मग्रामास धाडतो. मग त्या बालकाच्या नावासमोर, कोऱ्या ठेवलेल्या जागेत, विवाहाची तारीख व स्थळ लिहिले जाते. जुन्या पानांवर ती स्थळे जवळपासची असतात. जसजशी पाने उलटावी तसतशी ती दूर जातात. परंतु नोंद मात्र येथेच येते. गेलेल्या मनुष्याचे पान कोणी फाडून टाकीत नाही.

मला वाटते, स्थलांतराविषयी विचार करताना हीच रीत उपयोगी पडेल. दीडशे वर्षांच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. शहरात जाण्याने ज्यांचे कल्याण झाले, त्यांचा परतीचा मार्ग बहुधा खुला होता. आणि ज्यांची दैना झाली, त्यांचा तो मार्ग दुष्काळाने, कर्जाने, धरणाने अथवा स्वतःच्या उतावळेपणाने बंद झाला होता. म्हणून ‘जावे की राहावे ?’ ह्यापेक्षा ‘परत येता येईल काय ?’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. आणि ज्यास गावात मानाने राहताच आले नाही त्याच्यासाठी तर हा प्रश्न आपणांस उद्देशून आहे : तो परत यावा असे गाव आपण घडविले काय ?

ह्यावरून काही साधी कर्तव्ये निष्पन्न होतात. जाणाऱ्याने शेताचा सातबारा वाटणीच्या भांडणात अथवा घाईच्या विक्रीत गमावू नये. शहरात स्थिरावलेल्याने केवळ मंडईपुरते न येता तलावाच्या पाळीस, शाळेच्या छपरास व म्हाताऱ्या आईबापांच्या औषधास आपला वाटा पाठवावा. गावी राहिलेल्यांनी गेलेल्यांस बुडालेले आणि राहिलेल्यांस मागासलेले समजण्याचे सोडावे. मुलीचे स्थळ पाहताना मुलाचा पत्ता पाहण्याआधी मुलगा पाहावा. आणि सर्वांनी मिळून वेशीबाहेरची वस्ती ही भाषाच इतिहासजमा करावी.

महोत्सवासाठी दूरदूरच्या गावांहून आलेल्या बंधुभगिनींनी परत जाण्यापूर्वी आपल्या जुन्या घरांचा, शेतांचा व शेजाऱ्यांचा समाचार अवश्य घ्यावा. रोवणीस अजून अवकाश आहे; परंतु तलावाची पाळ पावसाळ्यापूर्वीच बांधावी लागते.